व्यायामाचीही मात्रा लिहावी : स्थूल रुग्णाची कंबर आणि गुडघे

चिकित्सालयात येणाऱ्या एका रुग्णवर्गाशी आपणा सर्वांचा नित्याचा परिचय आहे. वय पंचेचाळीस ते पासष्ट, वजन ऐंशी किलोच्या आसपास, जिना उतरताना गुडघ्यांत कळ आणि सकाळी अंथरुणातून उठताना कंबर धरलेली. या रुग्णाला आपण सारेच एक वाक्य ऐकवतो : "वजन कमी करा, गुडघे आपोआप थांबतील." आणि रुग्णाचे उत्तरही ठरलेले असते : "वैद्यसाहेब, गुडघे दुखतात म्हणून चालवत नाही आणि चालणे नाही म्हणून वजन उतरत नाही." या उत्तरापाशी आपला संवाद बहुधा संपतो. आपण गुग्गुळाचा एक कल्प, एक तेल आणि एक काढा लिहितो. चिठ्ठीच्या तळाशी "व्यायाम करणे" असे दोन शब्द लिहून पुढच्या रुग्णाला आत बोलावतो.

प्रस्तुत लेख त्या दोन शब्दांविषयी आहे. औषध लिहिताना आपण द्रव्य, मात्रा, काल आणि अनुपान या चार गोष्टी लिहिल्यावाचून राहत नाही. व्यायामाच्या बाबतीत मात्र यांपैकी एकही गोष्ट आपण लिहीत नाही. कंबर आणि गुडघे दुखणाऱ्या स्थूल रुग्णाच्या बाबतीत ही उणीव किती महागात पडते, हे आम्हांस आमच्याच एका चुकीने शिकविले.

काही वर्षांपूर्वी एक गृहिणी आमच्याकडे आल्या. वजन अठ्ठ्याऐंशी किलो, दोन्ही गुडघ्यांत संधिगत वाताची लक्षणे, कंबरदुखी जुनी. आम्ही औषधे लिहिली आणि शेवटी "रोज पहाटे एक तास चालणे" असेही लिहिले. बाई आज्ञाधारक होत्या. घराजवळच्या टेकडीवर शेजारणी फिरावयास जात, त्यांच्याबरोबर त्याही जाऊ लागल्या. नवव्या दिवशी दोन्ही गुडघे सुजले. त्यानंतरचा महिना बहुतांशी अंथरुणात गेला आणि वजन दोन किलोंनी वाढले. पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "औषध किती घ्यायचे ते तुम्ही लिहिले होते. चालायचे कसे, कुठे, हे माझे मीच ठरवले." वस्तुतः दोष सर्वस्वी आमचा होता.

शास्त्रातील पेच आणि त्याची सोडवणूक

या रुग्णाच्या बाबतीत शास्त्र प्रथमदर्शनी आपल्याला दोन विरुद्ध दिशांना ओढते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील बाविसाव्या अध्यायात लंघनाचे जे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत व्यायाम आहे. एकविसाव्या, म्हणजे अष्टौनिंदितीय अध्यायात, स्थौल्य सोडू इच्छिणाऱ्याने व्यायाम वाढवावा असा उपदेश आहे. उलट अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे विकार असलेला, बालक, वृद्ध आणि अजीर्णी यांनी व्यायाम वर्ज्य करावा असे वाग्भटाचार्य सांगतात. आपला रुग्ण स्थूल आहे आणि वातरोगीही आहे. अनेकदा वार्धक्याच्या उंबरठ्यावरही आहे. मग व्यायाम द्यावा की वर्ज्य करावा?

हा पेच सुटण्यासाठी तीन गोष्टींकडे लक्ष वेधावेसे वाटते.

पहिली गोष्ट, चरकाचार्यांनी व्यायाम वाढवावा म्हणताना तो क्रमाने वाढवावा असे स्पष्ट म्हटले आहे. हा क्रमच आपल्या चिठ्ठीतून गळतो.

दुसरी गोष्ट, सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात अध्व आणि चंक्रमण यांत केलेला भेद. अध्व म्हणजे दूरचा प्रवास, लांबवरची पायपीट. तिने कफ आणि स्थौल्य कमी होते, परंतु त्याबरोबर वर्ण आणि सुकुमारताही जाते. शरीराला फार पीडा न देणारे चालणे ते चंक्रमण. ते आयुष्य, बल, मेधा आणि अग्नी यांस हितकर सांगितले आहे. आम्ही त्या बाईंना चंक्रमण सांगावयाचे ते अध्व सांगून बसलो होतो. गुडघे निकोप असलेल्या स्थूल तरुणास अध्व चालेल. सांधे झिजलेल्या रुग्णाचा आरंभ चंक्रमणानेच व्हावयास हवा.

तिसरी गोष्ट ऊरुस्तंभाच्या चिकित्सेत सापडते. आम आणि मेदाने युक्त कफ जेथे वायूस अडवून बसला आहे, तेथे चरकाचार्य स्नेहन व बस्ती यांना मज्जाव करतात आणि रुक्षणाबरोबर व्यायाम सुचवितात. सकाळी वाळूवर चालणे, शीतल जलाच्या नदीत प्रवाहाविरुद्ध पोहणे, हे उपाय तेथे आले आहेत. ऊरुस्तंभ आणि आजचा गुडघ्याचा संधिवात एकच, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तथापि वायूचा प्रकोप मेदाच्या आवरणामुळे असेल तर व्यायाम हीच चिकित्सा ठरते आणि तो पाण्यात करविता येतो, हा विचार आपल्या परंपरेत जुना आहे. वाग्भटांचा निषेध धातुक्षयाने कृश झालेल्या वातरोग्यास तंतोतंत लागू पडतो. मेदस्वी रुग्णाच्या बाबतीत तो निषेध मात्रेची मर्यादा म्हणून वाचावा, असे आमचे मत आहे.

ती मर्यादा म्हणजे अर्धशक्ती. हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर पडू लागला, म्हणजे रुग्ण तोंडाने श्वास घेऊ लागला, की अर्धी शक्ती खर्ची पडली असे समजावे. कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम आणि तोंडास कोरड ही सोबतची लक्षणे आपण शिकलो आहोतच. रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर : चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे म्हणता येत असेल तर गती वाढवावी. वाक्य तुटू लागले तर कमी करावी.

सांध्यावर भार किती पडतो

कृत्रिम सांधा बसविलेल्या काही रुग्णांच्या गुडघ्यात भारमापक यंत्रणा ठेवून प्रत्यक्ष मोजणी झालेली आहे. सपाट जमिनीवर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर शरीरभाराच्या सुमारे अडीचपट भार येतो. जिना चढताना तो तिपटीहून किंचित अधिक होतो आणि उतरताना साडेतीनपटीच्या जवळ जातो. बैठ्या सायकलवर मध्यम जोराने पायडल मारताना हाच भार शरीरभाराएवढा किंवा त्याहून थोडाच अधिक राहतो. ऐंशी किलोच्या रुग्णाचा हिशेब केला तर सपाटीवर सुमारे दोनशे किलो, जिना उतरताना पावणेतीनशे किलो आणि सायकलवर शंभराच्या आत, असे आकडे येतात. टेकडी किंवा पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्यास दम लागतो तो चढताना, पण गुडघा सुजतो तो बहुधा उतरण्यामुळे. हे रुग्णास ठाऊक नसते, म्हणून ते आपण सांगावयास हवे.

पाण्यात उभे राहिले असता हाच भार आणखी उतरतो. कंबरेइतक्या पाण्यात पायांवर शरीरभाराच्या साधारण निम्मा आणि छातीइतक्या पाण्यात साधारण एक तृतीयांश भार पडतो. पोहता न येणाऱ्या रुग्णानेही छातीइतक्या पाण्यात कठडा धरून पुढे-मागे चालावे. तो उत्तम व्यायाम होय. गुडघ्याच्या रुग्णाने पोहताना बेडकासारखे पाय मारू नयेत, सरळ पाय हलवावेत. ज्या गावी तरणतलाव आहे तेथील वैद्यांनी याचा उपयोग अवश्य करावा. नदी वा विहिरीत मात्र अशा रुग्णास एकट्याने उतरू देऊ नये.

वजन थोडे उतरले तरी लाभ मोठा असतो. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली दाखविले की, वजनात एक किलो घट झाली तर चालताना प्रत्येक पावलास गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी घटतो. रुग्णाने पाच किलो उतरविले तर प्रत्येक पावलास वीस किलोंचे ओझे कमी झाले. "फक्त पाचच किलो?" म्हणून खट्टू होणाऱ्या रुग्णास हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा.

व्यायामाने वजन किती उतरते

येथे प्रांजळपणा आवश्यक आहे. केवळ अशा सौम्य व्यायामाने वजन फारसे उतरत नाही. ऐंशी किलोचा माणूस अर्धा तास मध्यम गतीने चालला तर साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात. फिरून येताना कोपऱ्यावर एक वडापाव खाल्ला तर त्याहून अधिक परत येतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, त्याच विद्यापीठातील एका मोठ्या चाचणीत गुडघ्याचा संधिवात असलेले ४५४ स्थूल रुग्ण दीड वर्ष अभ्यासले गेले. केवळ व्यायाम करणाऱ्यांचे वजन सरासरी दोन किलोंच्या आतच उतरले, केवळ आहारनियंत्रण करणाऱ्यांचे सुमारे नऊ किलो आणि दोन्ही करणाऱ्यांचे साडेदहा किलोंहून अधिक. वेदना सर्वांत कमी झाल्या त्या दोन्ही करणाऱ्या गटात.

म्हणजे वजन उतरविण्याचे मोठे काम आहार करतो. मग व्यायाम कशासाठी? त्याची तीन कारणे आहेत. केवळ आहार तोडून वजन उतरविले तर मेदाबरोबर मांसधातूही घटतो, आणि गुडघ्यास व कंबरेस आधार देणारे स्नायू अधिकच दुबळे होतात. मांडीचे पुढचे स्नायू बलवान असतील तर गुडघ्याची वेदना कमी होते, मग वजन उतरो वा न उतरो. आणि उतरलेले वजन पुन्हा न चढू देण्यात नियमित हालचालीचा वाटा मोठा आहे. रुग्णास हे प्रारंभीच सांगितले नाही, तर पंधरा दिवसांनी काटा न हललेला पाहून तो व्यायाम सोडतो.

कंबरेच्या बाबतीतही चालण्याचे महत्त्व आता अधिक स्पष्ट झाले आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ व्यक्तींवर झालेली एक चाचणी २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या या व्यक्तींपैकी ज्यांना मार्गदर्शनाखाली क्रमाने वाढणारे चालणे दिले, त्यांची कंबरदुखी उलटण्यास लागलेला मध्यम कालावधी २०८ दिवस होता. न दिलेल्यांत तो ११२ दिवस होता. येथेही लाभ झाला तो क्रमाने वाढविलेल्या चालण्याचा, हे ध्यानी घ्यावे.

अलीकडे काही रुग्ण वजन उतरविणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने घेऊन आपल्याकडे येतात. २०२४ सालच्या एका चाचणीत या औषधाने गुडघ्याचा संधिवात असलेल्या स्थूल रुग्णांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १३.७ टक्के उतरले आणि वेदनाही लक्षणीय घटल्या. त्या चाचणीतही दोन्ही गटांना आहार आणि हालचाल यांचे मार्गदर्शन दिलेले होते. अशा रुग्णास इंजेक्शन बंद करण्याचा सल्ला आपण परस्पर देऊ नये. त्याचे स्नायू टिकविण्याचे काम मात्र आपण जरूर हाती घ्यावे.

आरंभापूर्वीची तपासणी

पुढील लक्षणांपैकी एकही असेल तर व्यायाम लिहू नये, रुग्णास तत्काळ योग्य ठिकाणी पाठवावे : कंबरदुखीबरोबर मलमूत्रावरील ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, पाऊल उचलता न येणे, ताप, कारणाविना वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, एकच गुडघा लाल, गरम व तापासह सुजणे, एकाच पोटरीस अचानक सूज येणे, श्रमाने छातीत दाटणे. मधुमेही रुग्णाचे तळपाय स्वतः पाहावेत. बधिर पायावरची जखम रुग्णास कळत नाही आणि नव्या बुटाने ती होऊ शकते. रक्तदाब अनियंत्रित असेल तर प्रथम तो आटोक्यात आणावा.

कंबरदुखीचे दोन सामान्य प्रकार वेगळे ओळखणे व्यायामाच्या निवडीसाठी फार उपयुक्त आहे. ज्याची वेदना बसल्याने व वाकल्याने वाढते आणि चालल्याने हलकी होते, त्यास चालणे द्यावे. वाकून चालवावयाची सायकल देऊ नये. ज्या वृद्धाचे पाय थोडे चालल्यावर भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर मोकळे होतात, त्यास लांब चालणे सोसत नाही. बैठी सायकल मात्र सोसते.

यानंतर चार नोंदी कराव्यात. वजन, कंबरेचा घेर, खुर्चीवरून हात न टेकता तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, आणि वेदना शून्य ते दहा या मापात किती. भारतीय पुरुषात नव्वद आणि स्त्रीत ऐंशी सेंटिमीटरहून अधिक घेर हा उदरस्थ मेदाचा निदर्शक मानला जातो. खुर्चीची मोजणी आम्हांस सर्वांत प्रिय आहे. वजनाचा काटा हलण्यापूर्वीच ती सुधारते, आणि रुग्णास धीर देण्यास आपल्या हाती काहीतरी राहते.

मात्रा : बारा आठवड्यांचा क्रम

आम्ही पुढील क्रम वापरतो. तो सर्वांस जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. बल, वय, ऋतू आणि सात्म्य पाहून फेरफार करावा.

पहिले दोन आठवडे, निजून आणि बसून. (१) गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून गुडघा खाली दाबावा, पाच अंक मोजावेत, सोडावे, दहा वेळा. (२) एक पाय दुमडून दुसरा सरळ पाय वीतभर उचलावा व सावकाश खाली ठेवावा; दहा वेळा. (३) दोन्ही गुडघे दुमडून उताणे निजावे आणि पोट आत घेऊन कंबर जमिनीस हलकेच टेकवावी, दहा वेळा. (४) त्याच स्थितीत नितंब थोडे उचलावेत, तीन अंक मोजून खाली आणावेत; पाच ते आठ वेळा. (५) खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करावा, दहा वेळा. श्वास कोठेही रोखू नये. जमिनीवर बसता-उठता येत नसेल तर हे सर्व पलंगावर करावे. याखेरीज घरातल्या घरात किंवा गच्चीवर पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीन वेळा चालावे. पहिल्या दिवशी रुग्णास "एवढेच?" असे वाटले पाहिजे.

तिसरा ते सहावा आठवडा. खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करावी आणि हात न टेकता उठ-बस करावी. पाचापासून आरंभ करून बारापर्यंत जावे. स्वयंपाकघरातील ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलाव्यात. भिंतीस हात लावून उभ्यानेच जोर काढावेत. चालणे दहा मिनिटांचे, तीन वेळा. त्यांतील दोन वेळा जेवणानंतर थोड्या अवकाशाने. बैठी सायकल असेल तर आसन इतके उंच ठेवावे की पायडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील. बखोट्याला मारलेल्या आसनासारखे खुजे आसन गुडघ्यास मानवत नाही. आरंभी पाच मिनिटे पुरेत.

सातवा ते बारावा आठवडा. सपाट जागी सलग वीस ते तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस चालावे. मधूनमधून एक मिनिट गती वाढवावी, दोन मिनिटे कमी करावी. पूर्वीचे बळाचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस चालू ठेवावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायुबलाचा व्यायाम सुचविला आहे. सलग दहा मिनिटे झाली तरच ती मोजावी, ही जुनी अट त्यांत राहिलेली नाही. आपल्या रुग्णास ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे.

काल : सकाळी सांधे आखडलेले असतात, म्हणून उठल्याबरोबर बाहेर पडू नये, गरम पाण्याने स्नान अथवा शेक झाल्यावर निघावे. ग्रीष्म व वर्षा ऋतूंत मात्रा कमी ठेवावी, हे दिनचर्येतून आपण जाणतोच. पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यावर पाय घसरण्यापेक्षा घरातील ओसरी किंवा इमारतीचा व्हरांडा बरा. अनुपान म्हणून पायात चांगले बसणारे, मऊ तळव्याचे बूट. सपाता घालून फिरावयास जाणाऱ्या रुग्णांची संख्या आजही कमी नाही.

वेदनेचा नियम आणि टाळावयाच्या गोष्टी

"दुखले की थांबा" हा सल्ला रुग्णास पहिल्याच दिवशी थांबवितो आणि "दुखले तरी करा" हा सल्ला त्यास अंथरुणात टाकतो. आम्ही असा नियम सांगतो : व्यायाम करताना वेदना दहापैकी चारपर्यंत गेली तर चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ती पूर्वपदावर आली पाहिजे. न आल्यास, किंवा गुडघ्यास सूज दिसल्यास, मात्रा निम्मी करावी. पूर्ण बंद करू नये. कंबरेतील वेदना पायात खाली उतरू लागली तर तो प्रकार त्या दिवशीच थांबवून रुग्णाने आपल्याशी संपर्क साधावा.

पुढील गोष्टी या रुग्णांनी पहिले काही महिने टाळाव्यात : व्यायाम म्हणून जिने व टेकड्या चढणे, धावणे, दोरीवरच्या उड्या, खोल बैठका, जलद सूर्यनमस्कार, तसेच वज्रासन व पद्मासनात दीर्घकाळ बसणे. ही आसने वाईट नव्हेत; झिजलेल्या गुडघ्यास ती आज सोसणारी नाहीत, एवढेच. जमिनीवर बसून भाजी निवडणे, मांडी घालून तासन् तास पूजा वा पारायण करणे, उकिडवे बसून कपडे धुणे, यांतही गुडघ्याचा खोल वाक होतो. पाटाऐवजी खुर्ची आणि शौचालयात कमोडची खुर्ची, एवढ्या बदलानेही वेदना उतरलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. पारायण खुर्चीत बसून केले म्हणून श्रद्धा उणी होत नाही, हे घरातील ज्येष्ठांना समजावणे हाही चिकित्सेचा भाग समजावा.

आहाराचा विस्तार येथे करीत नाही. स्थूलास गुरू परंतु अपतर्पण करणारे अन्न द्यावे हे सूत्र परिचित आहे. मूग, कुळीथ, यव आणि ताक यांनी ते साधते. हुलग्याचे पिठले आपल्या घरांत नवे नाही. मात्र एकादशीस साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस खाऊन लंघन घडल्याचे समाधान मानणाऱ्या रुग्णास नीट विचारपूस केल्यावाचून सोडू नये.

औषधी विक्रेत्यांसाठी

रुग्ण आपल्याकडे महिन्यातून एकदा येतो. औषधाच्या दुकानात कदाचित चारदा. म्हणून विक्रेते बंधू-भगिनींकडून आमच्या चार अपेक्षा आहेत. दुकानात वजनकाटा असल्यास आठवड्यातून एकदाच, त्याच वारी व त्याच वेळी वजन करावयास सांगावे. रोजचे वजन रुग्णास अकारण अस्वस्थ करते. "फिरावयास जाण्यापूर्वी एक गोळी घेतो" असे म्हणणाऱ्या, वेदनाशामक गोळ्या वरचेवर नेणाऱ्या रुग्णास वैद्याकडे परत पाठवावे. वेदना दाबून चालणारा आपली मात्रा ओळखू शकत नाही. शिवाय आम्लपित्त, मूत्रपिंडाचा विकार वा रक्तदाब असलेल्यास या गोळ्या घातक ठरू शकतात. संधिवातावर दोन दिवसांत जादूसारखा गुण देणारी, नाव-पत्ता नसलेली चूर्णे व गोळ्या ठेवू नयेत. अशा द्रव्यांत स्टेरॉइडची भेसळ सापडल्याचे प्रकार झाले आहेत आणि त्यामुळे वजन व रक्तशर्करा वाढून हाडेही ठिसूळ होतात. आणि "महिन्यात दहा किलो" असे फलक लावू नयेत. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या परिशिष्टात स्थूलतेचा समावेश आहे. तिच्यावरील उपायाची जनतेपुढे जाहिरात करणे हा कायद्याने गुन्हा ठरतो.

आणखी एक विनंती. तेल विकताना "हे चोळा म्हणजे चालावयास नको" असे चुकूनही म्हणू नये. अभ्यंगाने सांधा मोकळा होतो, त्याचा उपयोग चालण्याच्या पूर्वतयारीसाठी करावा, उद्वर्तनही तसेच. तेल आणि गुग्गुळ हे व्यायामाचे सहायक आहेत.

समारोप

त्या गृहिणींची हकीकत पूर्ण करावयास हवी. दुसऱ्या खेपेस आम्ही चिठ्ठीवर औषधांच्या खालोखाल तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहिले : "चंक्रमण, घरात, पाच मिनिटे, तीन वेळा. टेकडी बंद." त्यांच्या चेहऱ्यावर निराशा दिसली, इतक्याने काय होणार, असा भाव होता. पहिल्या दिवशी खुर्चीवरून त्या अर्ध्या मिनिटात पाच वेळा उठल्या, तिसऱ्या महिन्यात अकरा वेळा. सात महिन्यांत वजन सहा किलोंनी उतरले. गुडघे पूर्ण निर्वेद झाले नाहीत, क्ष-किरणातील झीजही होती तशीच आहे. पण जिना त्या आता एकेक पायरी करून, कठड्यास नुसता हात लावून उतरतात, आणि वेदनाशामक गोळी महिन्यातून एखाद्या वेळी लागते. हे यश मोठे आहे असे नाही. ते चिठ्ठीतील एका ओळीने पदरात पडले, म्हणून येथे नोंदविले.

वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती एवढीच की, यापुढे "व्यायाम करणे" हे दोन शब्द लिहू नयेत. कोणता, किती, केव्हा, कोठे आणि कशाने थांबावे, हे लिहावे. चार नोंदी आरंभी कराव्यात, त्याच बारा आठवड्यांनी पुन्हा कराव्यात. आपल्या नोंदवहीत असे दहा रुग्ण जमले, बरे झालेले आणि न झालेले दोन्ही, तर या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत. न झालेल्यांच्या नोंदी आम्ही अधिक उत्सुकतेने वाचू.